ख्रिस्तपुराण पुन्हा गाऊ या

फादर थॉमस स्टीफन्स हा इंग्रज जेझुइट १५७९ साली गोव्यात उतरला आणि मराठीच्या प्रेमात पडला. १६१६ मध्ये रायतूरच्या छापखान्यातून त्याचे ‘ख्रिस्तपुराण’ बाहेर पडले. सुमारे अकरा हजार ओव्या! पुराणे ऐकण्याची सवय असलेल्या नवख्रिस्ती कुटुंबांना येशूची कथा त्यांच्याच छंदात मिळावी, हा त्यामागचा हेतू होता. परक्या मुलखातून आलेल्या माणसाने इतके जाणले, हे आजही थक्क करते.

पुढे १६८४ मध्ये पोर्तुगीज सत्तेने स्थानिक भाषेविरुद्ध फर्मान काढले. तरीही भक्ती आणि भाषा यांचे नाते तुटले नाही.

दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर (१९६२-६५) वसईच्या चर्चमध्ये मराठीतून मिस्सा होऊ लागली. फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी ‘सुबोध बायबल’ दिले आणि २०२० मध्ये उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद भूषवले. भक्ती आणि भाषा एकमेकींना बळ देतात, याचा याहून ठळक पुरावा कोणता?

मात्र ख्रिस्तपुराण अभ्यासकांच्या कपाटापुरते उरणे योग्य नाही. ओवी कानाने ऐकायची असते, गळ्यातून यायची असते. येत्या प्रायश्चित्तकाळात क्रुसाच्या वाटेच्या भक्तीनंतर प्रत्येक धर्मग्रामाने त्यातल्या निदान दहा ओव्या मुलांकडून गाऊन घ्याव्यात.