तालीतले बिनपगारी राखणदार



गाळप हंगाम संपून फड मोकळे झाले की आपल्याकडे एक काम हमखास निघते. जेसीबी बोलवायचा आणि आज्या-पणज्याने रचलेली दगडी ताल उपसून टाकायची. दगड बांधकामाला जातात, उसाच्या दोन सऱ्या वाढतात. हिशेब सरळ दिसतो. परंतु त्यात खर्चाची एक बाजू मांडायची राहून जाते, असे आमचे स्पष्ट मत आहे.

ही ताल चुना-माती न घालता, दगडात दगड गुंतवून रचलेली असते. पावसाचे पाणी फटींतून झिरपते आणि माती अलीकडेच अडते. त्याच फटी भर उन्हाळ्यातही आतून गार राहतात. म्हणून तिथे अख्खं गावच वसलेलं असतं. वरच्या दगडावर सरडा, फटीत सापसुरळी व पाल, बुडाशी ओलीला बेडूक, मोठ्या पोकळीत मुंगूस, एखाद्या कपारीत सातेरी माशांची वसाहत. आणि या सर्वांत आपल्या कामाची म्हणजे धामण.

उंदीर-घुशी उसाला बुडाशी कुरतडतात, ऊस लोळतो, वजन घटते. ती घट आपल्याच बिलातून जाते. धामण उंदरामागे थेट बिळात शिरते. हे काम कुठल्या राखणदाराला जमणार? ती बिनविषारी आहे. ती म्हशीच्या कासेला लागते ही निव्वळ ऐकीव गोष्ट. सापाला दूध ओढून पिताच येत नाही. तरी धामण दिसली की काठी निघतेच! १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने धामण, नाग, घोरपड, मुंगूस यांना मारणे गुन्हा आहे, हेही ध्यानात असावे.

काही सभासद म्हणतील, तालीत फुरसं असतं, नाग असतो, विंचू असतो, त्याचं काय? प्रश्न रास्त आहे. रात्रीचं पाणी धरणाऱ्याला आणि ऊसतोड मजुराला तो जिवाचा प्रश्न आहे. पण ताल मोडली म्हणून साप शिवार सोडत नाही. तो उंदरामागे फडात आणि गोठ्यात येतो. तेव्हा बॅटरी व गमबूट वापरावेत, फटीत हात घालू नये, घराला लागून दगडांचा ढीग ठेवू नये. दंश झालाच तर मांत्रिकाकडे वेळ न दवडता दवाखाना गाठावा. नाग, मण्यार, घोणस, फुरसे या चौघांच्याही विषावर एकच लस चालते.

युरोपातील आठ देशांची अशीच कोरडी दगडी रचाई युनेस्कोने २०१८ साली मानवी वारशाच्या यादीत घेतली. आपण मात्र आपली ताल ट्रॉलीत भरून विकतो.

आमचे मागणे मोठे नाही. तालीलगत पाचट पेटवू नका. ढासळलेले दगड पावसाआधी पुन्हा रचा. नांगर हातभर अलीकडे वळवा. दोन सऱ्यांच्या लोभापायी बिनपगारी राखणदार घालवू नका, एवढेच सांगणे.