कोरड्या वजनाचा धंदा

हलक्या जायरोप्लेनला शोभेल असं डिझेल इंजिन आज बाजारात नाही. जो कोणी 'आहे' म्हणतो, तो एकतर माल खपवतो आहे किंवा त्यानं ते इंजिन कधी काट्यावर ठेवलेलं नाही. माझं नोकरीचं सगळं आयुष्य पुण्यात डिझेल इंजिनांच्या टेस्ट बेडवर गेलं. डिझेलवर माझा जीव आहे, आणि म्हणूनच त्याच्या नावावर हौशी पोरांची चाललेली फसवणूक मला सहन होत नाही.

ही पोरं डिझेल मागतात ती हौसेखातर नव्हे, हे आधी मान्य करायला हवं. जगातल्या बहुतेक हलक्या जायरोंच्या पाठीवर रोटॅक्स ९१२ किंवा त्याचे टर्बोवाले भाऊ असतात. पेट्रोलवर चालणारं, शंभर एचपीचं, दोन हजार तासांनी ओव्हरहॉल मागणारं हे उत्तम इंजिन. पण रोटॅक्स इथेनॉल चालवून घेतं ते दहा टक्क्यांपर्यंत, आणि आपल्या पंपावर आता मिळतं वीस टक्क्यांचं. इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं, टाकीत पाण्याचा थर वेगळा पडतो, उन्हात इंधनाच्या नळीत वाफ धरते. जमिनीवर गाडी बंद पडली तर रस्त्याच्या कडेला लावता येते. हजार फुटांवर कडा नसते. अ‍ॅव्हगॅस घालावं, तर ते महाग, मोजक्या विमानतळांवर मिळणारं, आणि त्यातलं शिसं रोटॅक्सच्या प्लगांवर नि गिअरबॉक्समध्ये साचतं, त्यामुळे तेल फार लवकर बदलावं लागतं. २०२२ पर्यंत तर ते परदेशातूनच येत होतं. त्या साली इंडियन ऑइलनं ते देशात काढायला सुरुवात केली. उलट जेट इंधन प्रत्येक मोठ्या विमानतळावर आणि डिझेल प्रत्येक गावात. तेव्हा डिझेलकडे डोळे लागले तर त्यात चूक काय?

चूक पुढे आहे. जायरो हे यंत्र काय आहे, हे न समजता लोक इंजिन शोधायला निघतात. स्पेनच्या हुआन द ला सिएर्वानं जानेवारी १९२३ मध्ये पहिलं ऑटोजायरो उडवलं, तेव्हापासून मूळ गोष्ट बदललेली नाही. डोक्यावरच्या रोटरला इंजिन उडताना फिरवत नाही. खालून वर जाणारी हवा त्याला फिरवते. इंजिन फक्त मागच्या पंख्यानं यंत्राला पुढे ढकलतं. या साधेपणाची किंमत म्हणजे हवेचा प्रचंड विरोध. चांगलं ग्लायडर एक किलोमीटर उंचीवरून चाळीस किलोमीटर जातं. जायरो इंजिन बंद झाल्यावर तीन-चार किलोमीटरांत जमिनीवर येतं. म्हणजे जायरोचं इंजिन कधी विसावत नाही. ताशी १२०-१३० किलोमीटरनं नुसतं जात राहायलाही त्याला बहुतेक ताकद सतत द्यावी लागते. नव्वद एचपीचं मोटारीचं इंजिन एक्स्प्रेसवेवर वीस-पंचवीस एचपीवर निवांत चालतं. तेच इंजिन जायरोवर तासन् तास सत्तर एचपीवर राबेल. मोटारीत दोन लाख किलोमीटर टिकलं, ही त्याची लायकी इथे कामाची नाही.

आता वजन. भारतातल्या निम्म्या डिझेल मोटारींत ज्याचं नाव घेतलं जायचं ते फियाटचं १.३ लिटरचं मल्टिजेट घ्या, कारण प्रत्येक जण तेच घेऊन येतो. रांजणगावला ते बनायचं, स्विफ्टपासून इंडिका व्हिस्टापर्यंत सगळीकडे बसायचं, आणि भंगारात आजही स्वस्त मिळतं. मोटारीसाठी अप्रतिम. पण नुसतं इंजिनच सुमारे १३० किलो. त्यावर पंख्यासाठी रिडक्शन गिअर, रेडिएटर, इंटरकूलर, पाणी, तेल, माउंट हे सगळं चढवा. १७० किलोच्या खाली ते येत नाही. रोटॅक्स अशाच सगळ्या लवाजम्यासह ८० किलोच्या आत बसतं. फरक ९० किलोंचा. दोन माणसांच्या जायरोचं रिकामं वजन अडीचशे ते पावणेतीनशे किलो आणि उड्डाणाची मर्यादा साधारण ५०० ते ५६० किलो असते. म्हणजे डिझेल बसवलं की दुसरा माणूस घरी.

'पण इंधन वाचतं ना!' हे वाक्य ऐकून ऐकून माझे कान किटले आहेत. वाचतं, किती ते मोजू. जायरोचं पेट्रोल इंजिन तासाला सतरा लिटर पितं असं धरा, म्हणजे साडेबारा किलो. त्याच ताकदीला चांगलं डिझेल वजनानं चतुर्थांश कमी, म्हणजे साडेनऊ किलो पिईल. लिटरमध्ये हाच आकडा साडेअकरा दिसतो, कारण डिझेल जड असतं. विकणारा नेमका लिटरचा आकडा पुढे करतो आणि 'तिसरा हिस्सा बचत' म्हणून छापतो. पाकिटासाठी लिटर खरे. रोटरला मात्र किलो उचलायचे असतात. तासाला तीन किलो वाचणार. ९० किलोंचा बोजा फिटायला तीस तास सलग उडावं लागेल, आणि टाकी असते चार-पाच तासांची. हा हिशेब आठवीतल्या मुलाला येतो. इंजिन विकणाऱ्याला येत नसेल यावर माझा विश्वास नाही. तो मुद्दाम करत नाही.

एका वर्कशॉपनं माझ्या ओळखीच्या तरुणांना ९५ किलोंचं 'एव्हिएशन डिझेल' देऊ केलं. कागदावर लिहिलं होतं: कोरडं वजन. मी ते इंजिन तिथल्याच काट्यावर ठेवायला लावलं. स्टार्टर काढलेला, अल्टरनेटर काढलेला, टर्बो खोक्यात वेगळा ठेवलेला, फ्लायव्हीलही वेगळं. हे सगळं बसवल्याशिवाय ते इंजिन सुरूही होणार नव्हतं! मालकाला विचारलं, तर म्हणाला, 'साहेब, सगळे असंच लिहितात.' खरं आहे, सगळे असंच लिहितात, आणि त्या आकड्यावर भरवसा ठेवून कोणाचा तरी मुलगा सीटवर बसतो. जायरो रोटरच्या बोल्टवर टांगून त्याचा तोल बघतात. मागचं वजन वाढलं की नाक वर येतं, शेपूट लोंबते, आणि स्टिकला पुढे जायला जागा उरत नाही. नुसत्या कागदावरच्या खोट्या किलोंनी हे होतं.

वजनाचं एक वेळ जमवता येईल. पिळाचं काय? डिझेलमध्ये हवा सोळा-अठरा पट दाबली जाते आणि स्फोटाच्या क्षणी सिलिंडरमधला दाब पेट्रोल इंजिनाच्या दुपटीवर जातो. प्रत्येक स्फोटाला क्रँकशाफ्ट पिळवटतो आणि सुटतो. मोटारीत हा मार जड फ्लायव्हील, क्लच आणि टायर वाटून घेतात. जायरोत त्या शाफ्टच्या टोकाला पंखा असतो, आणि पंखा म्हणजे स्वतःचं जडत्व असलेलं चाक. इंजिनाच्या ठोक्यांची आणि या जोडणीची लय एका विशिष्ट फेऱ्यांवर जुळली की टॉर्शनल व्हायब्रेशन वाढत जातं, आणि मग गिअरचे दात, बेल्ट, कपलिंग, शाफ्ट यांतलं जे कच्चं असेल ते जातं. टेस्ट बेडवर मी तुटलेले शाफ्ट हातात घेतले आहेत. पंचेचाळीस अंशात पिळून फाटलेला तो पोलादाचा तुकडा ज्यानं पाहिला, तो 'बेल्ट लावून टाकू' असं कधी म्हणणार नाही. तीन सिलिंडरच्या इंजिनात ठोके आणखी दूरदूर, म्हणजे दुखणं आणखी वाईट. जायरोचा पंखा माणसाच्या पाठीमागे आणि शेपटीच्या पुढ्यात असतो. त्याचं एक पातं सुटलं तर असमतोलानं इंजिन माउंटसकट उखडू शकतं.

हे मी भीती घालायला लिहीत नाही. पैसा, पदव्या, प्रमाणपत्र सगळं असलेल्यांचं काय झालं ते पाहा. जर्मनीच्या थीलर्टनं मर्सिडीजच्या छोट्या मोटारीचं १.७ लिटरचं डिझेल घेऊन १३५ एचपीचं विमान इंजिन केलं आणि २००२ मध्ये त्याला मान्यता मिळवली. सगळी हुशारी पणाला लावूनही वजन १३४ किलो. गिअरबॉक्स दर ३०० तासांनी काढून तपासायला पाठवायचा. एप्रिल २००८ मध्ये कंपनी दिवाळखोरीत गेली आणि मालकांची विमानं जमिनीवर अडकली. 'डिझेलला वीज लागत नाही' असं जे अजून छातीठोकपणे सांगतात, त्यांच्यासाठी २००७ चा जर्मनीतल्या स्पायरचा अपघात: दोन थीलर्ट इंजिनांच्या विमानाची बॅटरी उतरलेली होती, बाहेरच्या विजेवर इंजिनं सुरू केली, उड्डाणानंतर चाकं आत घेताना व्होल्टेज पडलं, संगणक रिसेट झाले आणि दोन्ही इंजिनं एकदम थांबली. कॉमन रेल डिझेल हे विजेवरच जगतं. तेराशे किलोंच्या डायमंड विमानात ऑस्ट्रोचं १८५ किलोंचं डिझेल आज उत्तम चालतं, कारण तिथे ते वजन मावतं.

मग 'लवकरच येणारी' इंजिनं. म्युनिकचं झोखे: १५० एचपी, ८४ किलो. १९८० च्या दशकापासून हा आकडा हौशी लोकांना झुलवतो आहे; विकत घेऊन कोणी उडवलेलं नाही. अमेरिकेच्या डेल्टाहॉकनं १९९६ मध्ये काम सुरू केलं आणि १८० एचपीच्या इंजिनाला मान्यता मिळाली २०२३ मध्ये. ती माणसं चिकाटीची, मी त्यांना मानतो. पण तेही दीडशे किलोंच्या वर. प्रामाणिक काम करायला सत्तावीस वर्षं लागतात आणि आपल्याकडचा वर्कशॉपवाला दिवाळीपर्यंत देतो म्हणतो.

या सगळ्याला खतपाणी घालतात आपली वर्तमानपत्रं. गावातल्या कोणी भंगारातून उडणारं काहीतरी बनवलं की पहिल्या पानावर फोटो, 'जुगाडाची कमाल'. २०२१ मध्ये विदर्भात असाच एक गुणी तरुण स्वतः बनवलेल्या हेलिकॉप्टरच्या चाचणीत गेला. त्याच्या हातात कसब होतं. त्याला कमी पडला तो त्याचं काम तपासून 'थांब' म्हणणारा माणूस, आणि तो पुरवण्याची जबाबदारी ज्या इंजिनिअरिंग कॉलेजांची, कंपन्यांची, सरकारी खात्यांची होती, त्यांतलं कोणी शरमेनं मान खाली घातलेलं मला दिसलं नाही.

'छोटा हत्ती' टेम्पोचं ७०२ सीसीचं इंजिन सोळा एचपी द्यायचं, ते बसवू का, असंही मला विचारतात. नाही. कोणतंही मोटारीचं डिझेल बसवू नका. जायरोसाठी डिझेल करायचंच तर ते मुळापासून करावं लागेल: टू-स्ट्रोक, समोरासमोर पिस्टनांचं, सिलिंडर हेडच नसलेलं, अडीच हजार फेऱ्यांवर पंखा थेट फिरवणारं. युंकर्सनं १९३० च्या दशकात युमो २०५ याच तत्त्वावर विमानांत उडवलं. त्याआधी १९२८ मध्येच पॅकार्डचं डिझेल उडालं होतं, आणि १९३१ मध्ये ते बसवलेलं विमान इंधन न भरता ८४ तासांहून अधिक हवेत राहिलं. म्हणजे अशक्य काही नाही. किर्लोस्करांनी १९४६ पासून ज्या शहरात डिझेल इंजिनं ओतली, त्या पुण्यात हे काम का होत नाही, याचं उत्तर मला इथल्या कंपन्यांच्या संशोधन विभागांकडून हवं आहे. माणसं आहेत, टेस्ट बेड आहेत. ड्रोनसाठी लष्करालाही असंच इंजिन लागेल.

ते होईपर्यंत भांडण इंजिनाचं नाही, पेट्रोलचं आहे. इथेनॉलचं धोरण ऊसवाल्यांच्या सोयीनं ठरलं, ते ठरो; पण उडणाऱ्या माणसासाठी प्रत्येक फ्लाइंग क्लबवर बिनइथेनॉलचं पेट्रोल सरकारनं द्यायलाच हवं. देशभरात मिळून त्याला लागणार किती, दोन-चार टँकर? आणि ज्याला तरीही डिझेल विकायचं आहे, त्यानं ते तेल-पाण्यासकट, स्टार्टर-टर्बोसकट, पंख्यासकट माझ्यासमोर काट्यावर ठेवावं, मग त्याच पंख्यासह पंचाहत्तर टक्के ताकदीवर दोनशे तास न थांबता चालवावं, शाफ्टवर पिळाचे गेज लावून. नोंदवही मी स्वतः भरीन.