ताप उतरतो, तेव्हा शुश्रूषा सुरू होते

कार्तिक सरून मार्गशीर्षाची थंडी पडू लागली की रुग्णालयांच्या छातीविकार विभागांत खाटा अपुऱ्या पडू लागतात. १२ नोव्हेंबर हा जागतिक न्यूमोनिया दिन आणि नोव्हेंबरचा तिसरा बुधवार हा जागतिक सीओपीडी दिन. दोन्ही याच महिन्यात येतात. वृत्तपत्रांत चार ओळींची बातमी छापली जाते, एखादे व्याख्यान होते आणि विषय संपतो. ज्या घरात हे दोन्ही आजार एकाच माणसाच्या छातीत एकत्र आलेले असतात, त्या घराचा विषय मात्र संपत नाही. आठ-दहा दिवस रुग्णालयात काढून आजोबा घरी येतात. ताप उतरलेला असतो, सलाईन निघालेली असते. देवापुढे साखर ठेवली जाते, नातेवाइकांना 'बरे झाले' असे कळवले जाते आणि घर आपापल्या कामाला लागते. खरी कसोटी सुरू होते ती येथून.

सीओपीडी म्हणजे श्वासमार्ग कायमचे अरुंद करणारा आणि फुप्फुसातील वायुकोश झिजवणारा जुनाट विकार. वर्षानुवर्षांच्या धुराने श्वासनलिकेच्या आतील सूक्ष्म केसांचे आवरण निकामी झालेले असते. कफ वर ढकलून टाकण्याचे काम या केसांचे. ते थांबले की कफ साचतो आणि साचलेल्या कफात जंतू वाढतात. म्हणूनच अशा रुग्णाला न्यूमोनिया अधिक सहजतेने गाठतो. निरोगी माणसाच्या फुप्फुसाचा एक भाग न्यूमोनियाने निकामी झाला तरी उरलेले फुप्फुस वेळ निभावून नेते. सीओपीडीच्या रुग्णापाशी ही शिल्लकच नसते.

'ग्लोबल बर्डन ऑफ डिसीज' या अभ्यासानुसार १९९० साली भारतात सीओपीडीचे सुमारे २ कोटी ८१ लाख रुग्ण होते. २०१६ साली ती संख्या सुमारे ५ कोटी ५३ लाख झाली. जगाच्या लोकसंख्येत भारताचा वाटा १८ टक्के. श्वसनाच्या जुनाट विकारांमुळे वाया जाणाऱ्या जगभरच्या आयुष्यवर्षांत मात्र तो ३२ टक्के होता. क्षयातून बरे झाल्यावरही ज्यांचे फुप्फुस आखडलेले राहिले, अशांचा प्रश्न याखेरीज आहेच. एवढ्या मोठ्या समुदायाचा विचार केवळ रुग्णालयातील खाटांच्या हिशेबाने होणार नाही.

सहा आठवडे आणि सहा महिने

न्यूमोनियातून सावरण्याचे एक वेळापत्रक असते आणि ते घरातील प्रत्येकाला ठाऊक असायला हवे. ताप साधारण आठवड्याभरात जातो. छातीतील दुखणे आणि कफ कमी व्हायला चार आठवडे लागतात, खोकला आणि धाप आटोक्यात यायला सहा. तीन महिन्यांनी बहुतेक तक्रारी गेलेल्या असतात, तरी थकवा रेंगाळतो. पूर्वपदावर यायला सहा महिनेही लागू शकतात. हा हिशेब सर्वसाधारण रुग्णाचा. ज्याचे फुप्फुस आधीच झिजलेले आहे त्याला याहून अधिक काळ लागतो आणि पूर्वीचे बळ पूर्णपणे परत येईलच असेही नसते. या काळात हृदयविकाराचा धोकाही वाढलेला असतो. पन्नाशी ओलांडलेल्या आणि धूम्रपान केलेल्या रुग्णाचा छातीचा एक्स-रे सुमारे सहा आठवड्यांनी पुन्हा काढावा असे तज्ज्ञ सांगतात, कारण न्यूमोनियाच्या डागाआड कर्करोग दडलेला असू शकतो. आपल्याकडे मात्र 'आता काय दुखत नाही' म्हणून हीच फेरी सर्वांत आधी चुकवली जाते.

हे वेळापत्रक ठाऊक नसल्यामुळे दोन प्रकारचे अन्याय होतात. पंधरा दिवसांनीही अंघोळ करून आल्यावर धापा टाकणाऱ्या माणसाला 'मनाने खचलात' असे ऐकवले जाते. आणि पुन्हा उलटू लागलेला आजार 'थोडा अशक्तपणा आहे' म्हणून दुर्लक्षिला जातो. कफाचा रंग पालटून हिरवा-पिवळा होणे, धाप वाढणे, पुन्हा ताप येणे, पावलांवर सूज येणे, माणूस गुंगीत किंवा भ्रमात बोलू लागणे या खुणा ओळखता आल्या पाहिजेत. त्या दिसल्यावर दुसऱ्या दिवसाची वाट पाहायची नसते.

प्रेमापोटी होणाऱ्या चुका

भारतीय कुटुंबाला रुग्णाविषयी माया नाही असे कोणी म्हणणार नाही. चुका होतात त्या या मायेतूनच. पहिली चूक सक्तीच्या विश्रांतीची. 'तुम्ही उठू नका, हातात आणून देतो' हे वाक्य कानाला गोड लागते. स्नायूंना ते घातक ठरते. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या एका छोट्या अभ्यासात निरोगी वृद्धांना दहा दिवस अंथरुणात ठेवले, तेव्हा त्यांच्या पायांतील सुमारे एक किलो स्नायू झिजला. मग आजारी माणसाचे काय होत असेल? दुबळा झालेला स्नायू त्याच कामाला अधिक प्राणवायू मागतो, धाप वाढते, धापेच्या भीतीने माणूस आणखी बसून राहतो. हे चक्र मोडण्याचा मार्ग म्हणजे डॉक्टरांच्या सल्ल्याने, थोडे थोडे, रोज वाढत जाणारे चालणे. आज खोलीतल्या खोलीत, चार दिवसांनी व्हरांड्यापर्यंत, मग शेजारच्या देवळापर्यंत. अंघोळ स्टुलावर बसून करणे, दाढी बसून करणे, जेवण तीन वेळांऐवजी पाच-सहा वेळा थोडे थोडे घेणे, त्यात डाळ, दूध, दही, अंडी चालत असल्यास अंडी असणे, या साध्या गोष्टींनी वाचलेला श्वास चालण्याच्या कामी येतो.

दुसरी चूक प्राणवायूच्या बाबतीत. २०२१ च्या दुसऱ्या लाटेनंतर अनेक घरांत ऑक्सिमीटर आला, काहींत ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटरही. आकडा ९५ च्या खाली दिसला की घाबरायचे, हे त्या काळाने शिकवले. सीओपीडीच्या अनेक रुग्णांसाठी मात्र डॉक्टर ८८ ते ९२ हेच उद्दिष्ट ठरवून देतात. अशा रुग्णाला घाबरून जास्त प्राणवायू दिला तर रक्तात कर्बवायू साचून तो गुंगीत जाऊ शकतो. यंत्राची कळ फिरवण्याचा अधिकार घरातल्या सर्वांत काळजीवाहू माणसाचाही नाही; तो डॉक्टरांच्या चिठ्ठीचा आहे. घरी सुरू केलेला प्राणवायू जन्माचा असतो असेही नाही. दोन-तीन महिन्यांनी तपासणी करून तो चालू ठेवायचा की थांबवायचा हे ठरते. आणि ज्या खोलीत प्राणवायू चालू आहे तेथे निरांजन, उदबत्ती आणि गॅसची शेगडी यांना जागा नाही. देवघर त्याच खोलीत असेल तर काही दिवस दिवा दुसऱ्या खोलीत लावावा. देव रागावणार नाही.

प्राणायाम आणि पंप

येथे एका नाजूक विषयाला हात घालणे भाग आहे. 'पंपाची सवय लागते' ही समजूत सुशिक्षित घरांतही घट्ट रुजलेली आहे. औषध श्वासावाटे थेट फुप्फुसात जात असल्याने पंपातील मात्रा गोळीच्या तुलनेत अत्यल्प असते. तो बंद केल्याने माणूस व्यसनमुक्त होत नाही, त्याचे श्वासमार्ग पुन्हा आखडतात. काही पंपांत स्टेरॉइड असते आणि सीओपीडीच्या रुग्णांत त्याने न्यूमोनियाची शक्यता काहीशी वाढते, हे २००७ सालच्या 'टॉर्च' या मोठ्या चाचणीत दिसून आले, हेही खरे. परंतु त्यावरचा उपाय मनाने पंप फेकून देणे हा नाही. न्यूमोनिया होऊन गेल्यावर 'हाच पंप पुढे चालू ठेवायचा का?' हा प्रश्न डॉक्टरांना विचारणे, स्पेसर वापरणे आणि पंपानंतर चूळ भरणे हा आहे.

याच ठिकाणी योगाचा अभिमान बाळगणाऱ्यांवर अधिक जबाबदारी येते. दीर्घ, संथ उच्छ्वास, ओठांचा चंबू करून हळूहळू हवा सोडणे, धाप लागल्यावर पुढे झुकून हात मांडीवर टेकवून बसणे यांनी रुग्णाला खरोखर आराम मिळतो. फुप्फुस-पुनर्वसनात हेच शिकवतात. पण नुकत्याच न्यूमोनियातून उठलेल्या माणसाला कपालभाती, भस्त्रिका किंवा कुंभक करायला लावणे हे योगाचेही अज्ञान आहे. श्वास हळूहळूच वश करावा, घाई केल्यास अपाय होतो, असे 'हठप्रदीपिके'नेच बजावलेले आहे. 'प्राणायाम करा आणि औषधे सोडा' असे सांगणारा प्रचारक योगाची सेवा करीत नाही. रुग्ण पुन्हा रुग्णालयात गेला की अपकीर्ती योगाचीच होते. आपल्या परंपरेवर ज्याची खरी श्रद्धा आहे त्याने तिच्या नावाने होणारे अतिरेक स्वतःहून थांबवावेत. ते काम विरोधकांसाठी ठेवू नये.

शुश्रूषा कोणाच्या खांद्यावर?

एकत्र कुटुंबाचे गोडवे गाताना एक प्रश्न सहसा विचारला जात नाही. रात्री दोनदा उठून वाफारा देणारी, कफाचे भांडे धुणारी, गोळ्यांच्या वेळा सांभाळणारी व्यक्ती घरात कोण असते? बहुधा सून, पत्नी किंवा नोकरी सांभाळून माहेरी फेऱ्या घालणारी लेक. कुटुंबव्यवस्था टिकते ती अशा एकाच्या झिजण्यावर टिकू नये. पुरुषांनी शुश्रूषेची पाळी घेणे हाही संस्कारच आहे.

शिवाय रुग्ण स्त्री असेल तर चित्र आणखी पालटते. पुण्याच्या चेस्ट रिसर्च फाउंडेशनचे डॉ. संदीप साळवी आणि लंडनचे प्रा. पीटर बार्न्स यांनी २००९ साली 'लॅन्सेट'मध्ये लिहिलेल्या लेखाने जगाचे लक्ष वेधले, ते सीओपीडीच्या रुग्णांपैकी २५ ते ४५ टक्क्यांनी कधीच धूम्रपान केलेले नसते या वास्तवाकडे. चुलीचा धूर हे त्याचे मोठे कारण. १ मे २०१६ रोजी सुरू झालेल्या उज्ज्वला योजनेतून दहा कोटींहून अधिक घरांत गॅसजोडणी पोहोचली, हे मोठेच काम झाले. परंतु जिने तीस वर्षे चूल फुंकली तिचे फुप्फुस गॅस आल्याने नवे होत नाही. आणि दुसरा सिलिंडर परवडत नाही म्हणून न्यूमोनियातून उठलेली तीच माउली आठव्या दिवशी पुन्हा चुलीपुढे बसते. घरात विडी-सिगारेट, चूल आणि कॉइल तिन्ही बंद झाल्याशिवाय रुग्ण घरी आला असे म्हणू नये. एका मच्छर-कॉइलमधून ७५ ते १३७ सिगारेटींइतके सूक्ष्म कण बाहेर पडतात, असे २००३ सालच्या एका अभ्यासात आढळले आहे. फटाक्यांबाबतही तेच. सणांवर न्यायालयांनी निर्बंध घालावेत की नाही हा वाद वेगळा. शेजारच्या घरात कोणी श्वासासाठी धडपडत आहे हे ठाऊक असताना त्याच्या खिडकीखाली फटाक्यांची माळ लावू नये, हे कळायला न्यायालयाची गरज पडू नये.

सेवेचे पुढचे पाऊल

१९३९ साली देवळाली येथे डॉ. हेडगेवार न्यूमोनियाने अंथरुणाला खिळले, तेव्हा पेनिसिलीन वैद्यांच्या हाती आलेले नव्हते. श्रीगुरुजी त्यांच्या उशाशी राहून शुश्रूषा करीत होते. संघाच्या इतिहासातील हा प्रसंग कार्यकर्ते आदराने सांगतात. त्याचा आजचा अर्थ कोणता, हा प्रश्न आहे. आज औषधे आहेत, यंत्रे आहेत; उशाशी बसणारा माणूस कमी पडतो आहे.

सेवेची परंपरा भक्कम आहे. १९७२ च्या दुष्काळातून उभ्या राहिलेल्या जनकल्याण समितीची रुग्णोपयोगी साहित्य केंद्रे खाटा, चाकाच्या खुर्च्या, प्राणवायूची साधने गरजूंना देतात. डॉक्टरांचे चरित्र लिहिणाऱ्या नाना पालकरांच्या स्मरणार्थ परळला उभे राहिलेले रुग्णसेवा सदन बाहेरगावच्या रुग्णांना आसरा देते. याच परंपरेने आता आणखी एक पाऊल टाकावे: साहित्याबरोबर माणूस द्यावा. फुप्फुसाच्या जुनाट विकाराचा जो रुग्ण न्यूमोनियातून घरी येईल, त्याच्याकडे सहा आठवडे, आठवड्यातून दोनदा, एका प्रशिक्षित कार्यकर्त्याने अर्धा तास जावे. पंप नीट घेतला जातो का ते पाहावे, त्याच्यासोबत चालावे, धोक्याच्या खुणा विचाराव्यात, फेरतपासणीची तारीख चुकू देऊ नये आणि तेवढा वेळ घरातील थकलेल्या सुनेला मोकळा द्यावा. यासाठी इमारत लागत नाही, देणगीदाराच्या नावाची पाटी लागत नाही. प्रगत देशांतही हे काम झालेले नाही. अमेरिकेतील सुमारे दोन लाख वृद्ध सीओपीडी रुग्णांच्या २०२० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, रुग्णालयातून सुटल्यावर तीन महिन्यांत पुनर्वसन सुरू करणाऱ्यांत मृत्यूचे प्रमाण कमी दिसले. पण असे रुग्ण दोन टक्केही नव्हते. श्रीमंत देशाला जे पैशाने जमले नाही, ते येथे शेजारधर्माने साधू शकेल.

लसीचेही असेच. न्यूमोकोकल लस २०२१ पासून देशभरच्या बालकांना सरकारी कार्यक्रमातून मिळते. प्रौढ रुग्णाला ती स्वतःच्या खर्चाने घ्यावी लागते. इन्फ्लुएन्झाची लस तर दरवर्षी हवी. ज्येष्ठ नागरिक संघांनी, गणेशोत्सव मंडळांनी रोषणाईच्या खर्चातील एक वाटा वस्तीतील अशा रुग्णांच्या लसीसाठी बाजूला काढला तर ती विघ्नहर्त्याची पूजाच ठरेल.

आरोग्य हे व्यक्तीचे दिसते, पण सांभाळते ते समाज. प्रत्येक शाखेला, प्रत्येक भजनी मंडळाला आपल्या वस्तीत धाप लागणारी माणसे किती, याची यादी या हिवाळ्यात करता येईल. आणि त्यांतील कोणी रुग्णालयातून परतल्याचे कळले की 'बरे झाले' असे म्हणून न थांबता, दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच्यासोबत पन्नास पावले चालायला जाता येईल.