शिडाची नौका आणि चातुर्मास

पावसाळ्यात संभाजीनगरची बाजारपेठ थंड असते, म्हणून चिरंजीवांनी ग्रीसच्या बेटांसाठी ऑगस्ट निवडला. चातुर्मासात लांबचा प्रवास नको, असे मातोश्रींनी सांगितले. आम्ही गप्प राहिलो. पुढे वाचनात आले, की जुलै-ऑगस्टमध्ये एजियन समुद्रावर ‘मेल्तेमी’ हा उत्तरेचा वारा दिवसचे दिवस जोराने वाहतो. नवख्यांनी तेव्हा शिडाच्या नौकेवर न गेलेलेच बरे. आता मेअखेर जाण्याचे घाटते आहे. लाव्रिओ बंदरातून निघून केआ, किथ्नोस, सिरोस. नौका नाखव्यासह भाड्याने घ्यावयाची. तिच्यावर स्वतंत्र स्वयंपाकघर असते, ही मोठीच सोय. खाखरे, मूगडाळ येथूनच नेऊ. तेथे सूर्यास्त साडेआठच्या सुमारास, त्यामुळे चौविहारालाही घाई नाही. मात्र मे म्हणजे लग्नसराई. दुकानाची गादी कोणी सांभाळावी, यावर घरात अद्याप एकमत नाही. मातोश्री म्हणतात, “मी बसते.”