पाच ओळींचे क्रिकेट

गेल्या महिन्यात नववीतला एक मुलगा तीन दिवस शाळेत आला नाही. चौथ्या दिवशी त्याला घेऊन त्याचे अब्बूच आले. उमरीच्या मोंढ्यात हमाली करतात. मोठ्या मुलीच्या प्रवेश फीसाठी खात्यात ठेवलेले चार हजार रुपये मोबाइलवरच्या क्रिकेटच्या खेळात गेले होते. मुलाने त्या खेळातल्या बंद ‘पेट्या’ विकत घेतल्या होत्या. पेटी उघडली की नशिबाने एखादा नामवंत फलंदाज आपल्या संघात येतो. नाही आला की दुसरी पेटी. अब्बू एवढेच म्हणाले, “सर, मोबाइल फोडून टाकू का?”

आम्ही मुलाला विचारले, “शंभर पेट्यांत तो फलंदाज किती वेळा निघतो?” त्याला ठाऊक नव्हते. खरे सांगायचे तर आम्हालाही नव्हते. ज्या खेळात घरची फी गेली, त्याचे पोट कोणी उघडून पाहिलेच नव्हते.

तेव्हा आम्हाला एका जुन्या यंत्राची आठवण झाली. लहानपणी पुण्यात मामूंच्या शेजारी ते पाहिले होते. सर क्लाइव्ह सिंक्लेअर यांच्या कंपनीने 1982 मध्ये इंग्लंडमध्ये ‘झेडएक्स स्पेक्ट्रम’ हा घरगुती संगणक आणला. पुढे पुण्यातच ‘डीबी स्पेक्ट्रम’ या नावाने त्याची भारतीय आवृत्ती निघाली. घरचा टीव्ही हाच त्याचा पडदा. खेळ कॅसेटवर असायचा. टेपरेकॉर्डर लावला की काही मिनिटे कर्कश आवाज यायचा आणि मग खेळ सुरू व्हायचा. स्मरणशक्ती 48 किलोबाइट. आज मोबाइलवर काढलेला 3 मेगाबाइटचा एक फोटो ठेवायला तसली साठाहून अधिक यंत्रे लागतील.

पण त्या यंत्राची एक गोष्ट मोठी होती. चालू केले की ते ‘बेसिक’ भाषेतली आज्ञा घ्यायला तयार असे. त्या भाषेत लिहिलेला खेळ थांबवून ‘लिस्ट’ अशी आज्ञा दिली की सगळा खेळ ओळीओळीने समोर येई. केव्हिन टॉम्स या इंग्रज गृहस्थांनी 1982 मध्ये ‘फुटबॉल मॅनेजर’ हा खेळ एकट्याने लिहून विकला. तोही बेसिकमध्येच होता. मुले तो उघडून पाहत आणि त्यात फेरफार करत.

ते यंत्र बाजारातून जाऊन तीस वर्षे उलटली, तरी त्याच्यासाठी नवे खेळ लिहिणारे हौशी लोक आजही आहेत. दिवसभर नोकरी करायची आणि रात्री बसून फुटबॉलचा, टेनिसचा, शर्यतीचा खेळ त्या 48 किलोबाइटमध्ये बसवायचा. झाला की पुष्कळ जण तो लोकांना मोफत देऊन टाकतात. ना जाहिरात, ना नाणी, ना पेटी. इंग्लंडचे जोनाथन कॉल्डवेल यांनी तर ‘आर्केड गेम डिझायनर’ हे साधन बनवले आहे. त्यामुळे प्रोग्रामिंग न येणाऱ्यालाही असा खेळ रचता येतो. जुने यंत्रही लागत नाही. त्याची हुबेहूब नक्कल करणारे ‘फ्यूज’ नावाचे सॉफ्टवेअर मोफत मिळते आणि साध्या संगणकावर चालते.

आम्ही ते शाळेच्या संगणकावर घातले आणि त्या मुलासह सहा जणांना बसवले. म्हटले, आपण वर्गात चोरून खेळतो ते पुस्तकातले क्रिकेट यात लिहू. पुस्तक उघडायचे, डावीकडच्या पानाचा शेवटचा आकडा पाहायचा. 2, 4, 6 म्हणजे तेवढ्या धावा, 8 म्हणजे एक धाव, 0 म्हणजे आउट. संगणकाने पान उघडायच्या ऐवजी मनाने आकडा काढायचा, एवढाच फरक. सगळा खेळ पाच ओळींत झाला.

मग हिशेब केला. पाच आकड्यांत एक शून्य, म्हणजे आउट होण्यापूर्वी सरासरी चार चेंडूंवर धावा. दर चेंडूला सरासरी सव्वातीन. चार गुणिले सव्वातीन, तेरा. संगणकाला शंभर डाव खेळायला लावले, तर सरासरी तेराच्या आसपासच आली. तो मुलगा बराच वेळ पडद्याकडे पाहत राहिला. मग म्हणाला, “सर, मग त्या पेटीच्या आतही अशीच एक ओळ असेल.” आम्ही म्हटले, “असेल. पण ती तुला कोणी दाखवत नाही. आणि ती लिहिणारा तुझ्या बहिणीच्या फीचा विचार करत नाही.”

एका मुलीने खरा प्रश्न विचारला. “सर, ये तो नसीब का खेल हुआ ना?” बरोबर होते. पैज नव्हती, तरी सगळे नशिबावरच चालले होते. म्हणून मुलांनीच खेळ बदलला. आता चेंडू पडद्यावर सरकत येतो आणि बॅटजवळ आला की नेमक्या क्षणी कळ दाबावी लागते. त्यासाठी त्यांना आणखी दोन शनिवार लागले.

कुरआनच्या सूरह अल-माइदात जुगाराची गणना सैतानी कृत्यांत केली आहे, हे आपण जाणतो. 2025 च्या ऑगस्टमध्ये संसदेनेही पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा केला. पण बंद पेट्या विकणारे खेळ आपल्या मुलांच्या हातात अजून आहेत. मोबाइल फोडून ते संपत नाहीत. पालकांनी रागवण्याआधी मुलाशेजारी बसावे आणि तीन प्रश्न विचारावेत : हा खेळ कोणी बनवला? तो पैसे कशातून मिळवतो? आत काय चालते, ते आपल्याला दिसते का? आणि पैसे भरण्याचा पिन मुलाला सांगू नये.

माणूस गेल्यावरही ज्यांचे पुण्य चालू राहते, त्यांत लोकांच्या उपयोगी पडणारे इल्म आहे, असे हदीसमध्ये आले आहे. आमच्या सहा जणांनी आपला खेळ आठवीच्या मुलांना तसाच देऊन टाकला, उघडून पाहता येईल असा. तो मुलगा आता रविवारी अब्बूंसोबत मोंढ्यात जातो. चार हजारांपैकी सातशे फिटले आहेत.

अल्लाह आपल्या मुलांना हितकारक इल्म देवो. आमीन.