नोकरी दिली, पुढे काय?

कोची मेट्रो जून २०१७ मध्ये धावू लागली तेव्हा तिकीट खिडकीपासून साफसफाईपर्यंतच्या कामांवर वीसहून अधिक तृतीयपंथी कर्मचारी नेमण्यात आले होते. त्या निर्णयाचे देशभर कौतुक झाले आणि ते रास्तच होते. पण काही आठवड्यांतच त्यांतल्या आठ जणांनी काम सोडले. मुख्य अडचण होती राहायच्या जागेची. घरमालक जागा द्यायला तयार नव्हते आणि लॉजवर राहायचे तर पगाराचा मोठा हिस्सा भाड्यातच जाई. नेमणूकपत्र हातात होते, पण रात्री पाठ टेकायला जागा नव्हती.

कामाच्या ठिकाणी सर्वांना स्थान देण्याच्या आजच्या प्रयत्नांची गाडी बहुतेक वेळा इथेच अडते. धोरण जाहीर होते, भरती होते, महिला दिनाला सत्कार होतात. नंतरच्या दोन वर्षांत भरती झालेल्यांतले किती जण टिकले, किती जणांना बढती मिळाली आणि किती जण निमूटपणे निघून गेले, याची नोंद फारशी कोणी ठेवत नाही. हेतूबद्दल शंका घेण्याचे कारण नाही. पण हेतू कितीही चांगला असला तरी वेळापत्रक, इमारत आणि बढतीचे निकष जुनेच राहिले, तर नव्याने आलेला माणूस तिथे पाहुणाच राहतो.

आपल्या एसटीचेच उदाहरण घ्या. महिलांना चालक म्हणून घ्यायचे तर अवजड वाहन चालवण्याच्या अनुभवाची अट आड येणार, हे महामंडळाने ओळखले. ती अट आणि उंचीची अट शिथिल करून महिलांची निवड केली आणि प्रशिक्षणाची जबाबदारी स्वतःवर घेतली. २०१९ मध्ये हे प्रशिक्षण सुरू झाले, त्यात यवतमाळच्या आदिवासी तरुणीही होत्या. अडथळा उमेदवारात नसून नियमात आहे हे ओळखून नियमच बदलण्याचा हा मार्ग योग्य होता. पुढे करोना आला, मग एसटीचा दीर्घ संप झाला आणि एसटीची पहिली महिला चालक सासवड-नीरा मार्गावर गाडी घेऊन निघायला जून २०२३ उजाडला.

खरी कसोटी त्यानंतर लागते. ग्रामीण महाराष्ट्राची नाडी असलेली मुक्कामी गाडी संध्याकाळी गावात पोहोचते आणि पहाटे परत निघते. चालक-वाहक रात्र बसमध्ये किंवा मिळेल त्या आडोशाला काढतात, अंघोळीला कोणाच्या तरी दारात जातात. पुरुष कर्मचाऱ्यांनी वर्षानुवर्षे हे सोसले, म्हणून ही सोय ठरत नाही. चालक किंवा वाहक महिला असेल तर प्रश्न लपवताच येत नाही. तिला मुक्कामी गाडी द्यायचीच नाही, हा आगाराला सुचणारा सोपा तोडगा. पण त्याने तिचा अनुभव कमी भरतो, जादा कामाचे पैसे बुडतात आणि ‘बायकांना सोप्या ड्युट्या लागतात’ ही कुजबुज सुरू होते. मुक्कामाच्या गावी कडी लागणारी खोली आणि पाणी असलेले स्वच्छतागृह हाच यावरचा उपाय. ते झाले तर पुरुष चालक-वाहकांचीही रात्र सुधारेल.

निकष वरवर सर्वांना सारखे असले तरी ते न्याय्य असतातच असे नाही. सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२० मध्ये लष्करातील महिला अधिकाऱ्यांना पर्मनंट कमिशन, म्हणजे निवृत्तीपर्यंतची नेमणूक, देण्याचा आदेश दिला. आदेशाची अंमलबजावणी करताना लष्कराने पुरुषांचेच वैद्यकीय निकष लावले. पुरुष अधिकाऱ्यांची ही पारख सेवेच्या पाचव्या किंवा दहाव्या वर्षी होते. इथे मात्र चाळिशी-पन्नाशीतल्या महिलांना तरुण अधिकाऱ्यांच्या तंदुरुस्तीची फूटपट्टी लावली गेली. त्यांचे जुने गोपनीय अहवालही पुढे बढतीची शक्यताच नाही असे धरून लिहिलेले होते. मार्च २०२१ मध्ये न्यायालयाने हा अप्रत्यक्ष भेदभाव असल्याचे स्पष्ट केले. त्यामागे कोणाचा दुष्ट हेतू असण्याची गरज नव्हती. जुना नियम जसाच्या तसा लावणे एवढे पुरेसे होते.

जातीच्या बाबतीत तर खासगी क्षेत्रात मोजमापही फारसे होत नाही. अर्थतज्ज्ञ सुखदेव थोरात आणि समाजशास्त्रज्ञ पॉल अॅटवेल यांनी २००७ मध्ये प्रसिद्ध केलेला अभ्यास आजही अस्वस्थ करतो. त्यांनी वृत्तपत्रांतल्या जाहिरातींना उत्तर म्हणून सारख्या पात्रतेचे अर्ज खासगी कंपन्यांना पाठवले. फरक फक्त अर्जावरच्या नावांत होता. दलित वाटणाऱ्या नावाच्या अर्जदाराला पुढच्या फेरीचे बोलावणे येण्याची शक्यता सवर्ण नावाच्या तुलनेत लक्षणीयरीत्या कमी निघाली. देशातील एक हजार बड्या कंपन्यांच्या संचालक मंडळांचा अभ्यास २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला, तेव्हा ९० टक्क्यांहून अधिक संचालक सवर्ण असल्याचे दिसले. ‘आमच्याकडे फक्त गुणवत्ता पाहतात’ असे म्हणणाऱ्या प्रत्येक मनुष्यबळ विभागाने हे आकडे समोर ठेवून आपली निवडयादी पुन्हा पाहायला हवी.

कायद्यांची आपल्याकडे कमतरता नाही. पन्नास किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनेत पाळणाघर हवे, असे २०१७ मध्ये मातृत्व लाभ कायद्यातील दुरुस्तीने सांगितले. अपंग कर्मचाऱ्याला गरजेनुसार सोयी द्याव्यात आणि प्रत्येक आस्थापनेने समान संधी धोरण जाहीर करावे, हे २०१६ च्या अपंग हक्क कायद्यात आहे. दहा किंवा अधिक कर्मचारी असतील तिथे लैंगिक छळाच्या तक्रारींसाठी अंतर्गत समिती २०१३ पासून सक्तीची आहे. तरीही गोवा विद्यापीठाशी संबंधित एका प्रकरणाचा निकाल देताना मे २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला नमूद करावे लागले, की ३० राष्ट्रीय क्रीडा महासंघांपैकी १६ महासंघांनी अशी समितीच नेमलेली नाही. कायदा होऊन तेव्हा दहा वर्षे झाली होती. समिती कागदावर असली तरी तिच्या सदस्यांची नावे शेवटच्या पाळीतल्या कंत्राटी सफाई कामगार महिलेला माहीत नसतील, तर तिच्या दृष्टीने ती समिती नाहीच.

मग करायचे काय? बाजारमूल्यानुसार पहिल्या एक हजार नोंदणीकृत कंपन्यांना २०२२-२३ पासून शेअर बाजार नियामक ‘सेबी’च्या नियमानुसार व्यवसाय जबाबदारी व शाश्वतता अहवाल द्यावा लागतो. त्यात महिला व अपंग कर्मचाऱ्यांची संख्या, स्त्री-पुरुषांचे मध्यक वेतन आणि पालकत्वाच्या रजेनंतर कामावर परतणाऱ्यांचे व पुढे टिकणाऱ्यांचे प्रमाण विचारले जाते. हे प्रश्न नेमके आहेत, कारण ते भरतीच्या पुढचे विचारतात. पण हा अहवाल मुख्यतः गुंतवणूकदारांसाठी लिहिला जातो. तो सार्वजनिक असला तरी कंपनीतल्या कामगारांपर्यंत फारसा पोहोचत नाही. कर्मचाऱ्यांची जातनिहाय आकडेवारी त्यात मागितलेली नाही आणि राज्यातल्या औद्योगिक वसाहतींमधले असंख्य लहान-मध्यम कारखाने त्याच्या कक्षेत येतच नाहीत.

महाराष्ट्राने १९९४ मध्ये देशात आघाडी घेऊन महिला धोरण आणले आणि सरकारी नोकऱ्यांत महिलांसाठी ३० टक्के जागा राखल्या. त्या परंपरेला साजेसे पुढचे पाऊल राज्य सरकारने उचलावे. सरकारी महामंडळांनी आणि राज्याकडून सवलतीत जमीन किंवा वीज घेणाऱ्या उद्योगांनी दरवर्षी तीन आकडे मराठीत जाहीर करावेत: नेमलेल्या महिला, दलित, आदिवासी, अपंग आणि तृतीयपंथी कर्मचाऱ्यांपैकी दोन वर्षांनी किती टिकले, कितींना बढती मिळाली आणि आलेल्या तक्रारींपैकी किती मुदतीत निकाली निघाल्या. या आकड्यांची जबाबदारी एखाद्या कनिष्ठ अधिकाऱ्यावर न ढकलता ती थेट व्यवस्थापकीय संचालकांवर टाकावी. सुरुवात एसटीपासून व्हावी. महिला चालकांपैकी आज किती जणी प्रत्यक्ष गाडी चालवत आहेत आणि किती मुक्कामी गावांत त्यांच्या निवाऱ्याची सोय झाली आहे, हे महामंडळाने येत्या अर्थसंकल्पी अधिवेशनाआधी जाहीर करावे.