शेपूट हलवणारा स्वयंसेवक

बेंगळुरूच्या पीण्या औद्योगिक क्षेत्रात कारखान्याच्या फाटकाशी, रखवालदाराच्या खुर्चीखाली एखादे कुत्रे हमखास झोपलेले दिसते. आत लेथ घरघरत असतो, ट्रक मागे येत असतो, पाळी सुटली की माणसांचा लोंढा शेजारून जातो. महाशय एक डोळा उघडतात आणि पुन्हा मिटतात! इस्पितळात किंवा विशेष मुलांच्या शाळेत सोबतीला न्यायच्या कुत्र्याची पहिली कसोटी हीच. स्ट्रेचर खडखडले, भांडे पडले, कोणी किंचाळले, तरी त्याने बिथरता कामा नये.

मात्र एवढ्यावर भागत नाही. त्याला अनोळखी हातांचा स्पर्श मनापासून आवडायला हवा. फाटकावरचे कुत्रे गोंगाट सोसते, पण कान ओढलेला सोसेलच असे नाही. त्यासाठी ते घरात रुळावे लागते. जातीचे कौतुक मात्र उगाच. दुसऱ्या महायुद्धात जखमी सैनिकांना रिझवणारी स्मोकी ही जेमतेम दोन किलोंची यॉर्कशायर टेरियर होती. न्यूयॉर्कचे बालमानसतज्ज्ञ बोरिस लेविन्सन यांच्याकडे आलेला अबोल मुलगा त्यांच्या जिंगल्स या कुत्र्याच्या सान्निध्यात खुलला. त्यावर त्यांनी १९६२ मध्ये लेख लिहिला. आपल्याकडे मानसतज्ज्ञ मीनल कविश्वर यांच्या ‘अॅनिमल एंजल्स फाउंडेशन’ने हे काम रुजवले.

कुत्रे वर्षाचे तरी झालेले असावे. रेबीजची लस वेळच्या वेळी, जंताचे औषध, नखे कापलेली, अंग स्वच्छ. कच्चे मांस खाणारे कुत्रे आजाऱ्यांजवळ नेऊ नये, कारण त्यातले जंतू दुबळ्या शरीराला भोवतात.

खरी परीक्षा असते ती पट्टा धरणाऱ्याची. आपल्या लाडक्याचे कौतुक व्हावे म्हणून येणारा माणूस या कामाचा नाही. सगळ्यांचे लक्ष रोग्याकडे असताना त्याचे लक्ष कुत्र्याकडे हवे. झोप नसताना जांभई, ओठ चाटणे, तोंड फिरवणे, डोळ्यांचा पांढरा भाग दिसणे ही अवघडल्याची लक्षणे. ‘आमचा कधी चावत नाही’ म्हणून ती नजरेआड करणे धोक्याचे. कुत्रे सांगून थकते, मग चावते आणि दोष त्याच्या माथी येतो.

खाटेजवळ जाण्यापूर्वी प्रत्येक वेळी विचारावे. कोणाला भीती वाटते, कोणाच्या धर्मात कुत्र्याचा स्पर्श चालत नाही. नकार आल्यास हसून पुढे जावे. पट्टा क्षणभरही दुसऱ्याच्या हाती देऊ नये आणि वॉर्डात ऐकलेले वॉर्डातच ठेवावे. तासाभराची भेट पुष्कळ झाली. मध्येच पाणी पाजावे.

आणि एखाद्या दिवशी कुत्र्याने इस्पितळाच्या पायरीवरच बसकण मारली, तर आत कितीही मुले वाट पाहत असोत, त्याला ओढू नये. रिक्षा करून सरळ घरी न्यावे.